काडी-मेकॅनो

आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून सांगाडे बांधण्याचा शैक्षणिक खेळ. तो अरविंद गुप्ता (जन्म १९५३) यांनी रचला. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले गुप्ता पुण्यात टेल्को या वाहन कंपनीत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे खेड्यांतल्या शाळांमधली मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत. आठवडी बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून हा खेळ तिथेच आकाराला आला.

काड्यांचा गुल ब्लेडने खरवडून टाकतात, नळीचे छोटे तुकडे करतात. तुकड्याच्या दोन्ही टोकांत काड्या खुपसल्या की सांधा तयार होतो. मधोमध सुईने भोक पाडले की तिसरी काडी बसते. ब्लेड आणि सुई मोठ्यांनीच हाताळावी.

खेळाचा गाभा या सांध्याच्या लवचीकपणात आहे. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र बोटाच्या धक्क्याने कलतो. सहा काड्यांचा चतुष्फलक घट्ट उभा राहतो आणि बारा काड्यांचा घन कोसळतो. तो सावरायचा कसा? चौकोनात तिरकी काडी, म्हणजे कर्ण, हवा, हे मुलांच्या लवकर ध्यानात येते. पण कर्ण बाजूच्या सुमारे १.४ पट लांब, त्यामुळे आगकाडी पुरत नाही. दोन काड्या जोडाव्यात, तर त्या जोडावरच वाकतात. मग कुणाला तरी खराट्याची काडी मापाने तोडून लावायचे सुचते. सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण बसला की घन ताठ होतो. विजेच्या मनोऱ्यांत आणि छपराच्या कैच्यांत एवढे त्रिकोण कशासाठी, हे अशा मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. फळ्यावरची आकृती पाहून साऱ्या वर्गाने एकसारखे घर केले, तर ती केवळ हस्तकला होते. म्हणून घन का पडला, याचे उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये.

साहित्य जवळजवळ फुकटचे, म्हणून मोडायची भीती नसते. कपाटात कुलूपबंद राहणाऱ्या महागड्या उपकरणांपेक्षा या खेळाचे मोल त्यामुळेच मोठे आहे.

गुप्ता पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे अशीच खेळणी करत आणि शिकवत राहिले. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके आणि चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत.