शहापूर-मुरबाडची वाट आणि मुंबईचीं रुग्णालयें

विशेष रोगांची चिकित्सा एका ठिकाणीं केंद्रित असावी, कीं अनेक संस्थांनीं स्पर्धेनें चालवावी, हा वाद ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या दृष्टीनें येथें पाहण्याचें योजिलें आहे.

मुंबईस जमशेटजी जिजीभाई रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय इ. स. १८४५ मध्यें सुरू झालीं. तेथील अध्यापकांच्या मोठ्या जागा दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. अध्यापक सरकारी नोकरीबाहेरील हिंदी गृहस्थच असावेत, या अटीच्या देणगीवर परळास १९२६ सालीं सेठ गोरधनदास सुंदरदास महाविद्यालय निघालें. राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय त्याच सालचें. ही खरी स्पर्धा होय, व ती फलद्रूप झाली. केंद्रीकरणाचें उदाहरणही परळाचेंच : कर्करोगाकरितां १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय. सारांश, स्पर्धा व केंद्रीकरण दोन्ही एकाच बेटावर नांदलीं.

आतां वाटेचा विचार करूं. प्राचीन काळीं कल्याण बंदराचा माल मुरबाडाकडून नाणेघाटानें जुन्नरास चढे. पुढें १८६१ सालीं लोहमार्ग शहापूर तालुक्यांतून कसाऱ्यास पोंचला आणि मुरबाड बाजूस राहिलें. शहापूरच्या रोग्यास आसनगांवची गाडी तरी आहे. मुरबाडकरास आधीं सडकेनें कल्याण गांठावें लागे.

१९४६ सालीं भोर समितीनें प्राथमिक, दुय्यम व जिल्हा अशी पायऱ्यांची रचना सुचविली. शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडचें ग्रामीण रुग्णालय या त्याच विचाराच्या पायऱ्या होत. उलटपक्षीं, २०१२ सालीं कांहीं जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ सालीं राज्यभर पसरलेल्या, व आज महात्मा फुले यांचें नांव धारण करणाऱ्या योजनेनें सरकारी वा खासगी रुग्णालय निवडण्याची मोकळीक दिली. पण अडलेल्या बाळंतिणीस निवड करावयास दुसरें रुग्णालय वेळेच्या टप्प्यांत असावें लागतें. तें नसेल तेथें स्पर्धा नांवापुरतीच.

अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत, जेथें औषधी नव्हत्या तेथें त्या आणून लावल्याचा निर्देश आहे. त्याच लेखमालेच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ सालीं सोपाऱ्यास, म्हणजे जुन्या ठाणें जिल्ह्यांतच, मिळाला. आमचें मत याच दिशेचें आहे : दुर्मिळ शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रीं असोत, परंतु ज्यांत घटकेचा विलंब प्राणावर बेततो, ते उपचार तालुक्यांतच लावले पाहिजेत.

ज्यांच्या संग्रहीं या तालुक्यांतील जुन्या दवाखान्यांचीं दप्तरें असतील, त्यांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. किती रोगी पुढें पाठविले व किती परतले, याचा निवाडा तींच करतील.