शून्य, अर्धं शून्य आणि नऊ

छोट्या रेल्वेचा छंद असणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "किती पडले?" आणि दुसरा, "ठेवणार कुठे?" पहिल्याचं उत्तर मी सौ.समोर देत नाही. दुसऱ्याचं मात्र सविस्तर द्यावंसं वाटतं, कारण या छंदाचा सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास म्हणजे त्याच प्रश्नाशी चाललेली झटापट आहे. शाळेत आम्ही इतिहास शिकवला तो राजांचा, लढायांचा आणि तहांचा. पण घरातल्या जमिनीचा, टेबलाचा आणि पलंगाखालच्या जागेचाही इतिहास असतो बरं का! आज तो सांगतो.

सुरुवात जर्मनीतल्या ग्योपिंगन गावापासून. तिथे १८५९ साली मेर्कलिन नावाच्या एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराने धंदा सुरू केला. माल काय, तर बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी. आपल्याकडची भातुकलीच म्हणा ना! १८६६ मध्ये तो वारला आणि धंदा त्याच्या बायकोने, कॅरोलीनने, सांभाळला. पुढे कारभार मुलांच्या हाती आला आणि १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्यांनी चावीची आगगाडी मांडली.

चावीच्या गाड्या त्याआधीही होत्या. इथे नवीन होती ती पद्धत. रुळांचे ठरलेल्या मापाचे सुटे तुकडे मिळत. या वर्षी गाडी घ्या, पुढच्या वर्षी सांधा घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन. सगळं एकमेकांना बरोबर जुळणार. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची ही व्यापारी युक्ती खरी, पण त्यामुळे खेळण्याची "गाडी" जाऊन खेळण्याची "रेल्वे" आली. मापांना त्यांनी क्रमांक दिले, एक, दोन, तीन. सर्वांत लहान एक नंबर, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर.

४५ मिलिमीटर ऐकायला लहान वाटतं. पण एवढी गाडी गोल फिरवायची तर ऐसपैस दिवाणखाना हवा, आणि तो मुलांसाठी मोकळा ठेवणारे आईबापही हवेत! म्हणजे खेळ श्रीमंतांचाच. मग याहून लहान माप काढायचं ठरलं. आता एकाच्या खाली काय? शून्य! ज्या शून्याचा आपण भारतीय एवढा अभिमान बाळगतो ते इथे असं उपयोगी पडलं. शून्य नंबरचे रूळ ३२ मिलिमीटरचे. इंग्रजांनी त्या शून्याला "ओ" अक्षर म्हणायला सुरुवात केली आणि इंग्रजीत आजही तसंच म्हणतात. "मेकॅनो" काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबीने १९२० मध्ये लिव्हरपूलला याच मापाच्या चावीच्या गाड्या बाजारात आणल्या आणि मध्यमवर्गीय घरातली मुलं जमिनीवर पालथी पडून गाड्या चालवू लागली. जेवायची वेळ झाली की रेल्वे उचलून खोक्यात!

पुढची पायरी १९३५ च्या सुमाराची. जर्मन कंपन्यांनी शून्याच्या साधारण निम्म्या मापाची, १६.५ मिलिमीटरची, विजेवर चालणारी गाडी आणली. तिला "हाफ झीरो", म्हणजे अर्धं शून्य म्हणतात. (शून्याचं अर्ध शून्यच, हे गणिताच्या मास्तरांनी कृपया सांगायला येऊ नये.) खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान अशी ही गाडी. ती जमिनीवरून उठून टेबलावर आली. टेबलावर आल्यामुळे डोंगर, बोगदे, झाडं, घरं कायमची मांडून ठेवता येऊ लागली, आणि मुलांच्या खेळण्यावर बापाने कब्जा केला तोही साधारण इथूनच!

इंग्लंडमध्ये या मापाने एक गंमत केली. तिथले पूल आणि बोगदे बुटके, म्हणून खरी इंजिनंही युरोपातल्यापेक्षा अंगाने लहान. ती ८७ पट लहान केली तर त्या काळची मोटर आत मावेना. मग त्यांनी इंजिन ७६ पटच लहान केलं आणि रूळ मात्र तेच ठेवले. इंजिनाच्या मानाने रूळ अरुंद झाले. १९३८ च्या "हॉर्नबी डब्लो"पासून आजपर्यंत बहुतेक इंग्रज छांदिष्ट हीच तडजोड चालवून घेत आले आहेत. आपली अडचण थोडी तशीच आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागा, १९ मिलिमीटरहून थोडं जास्त येतं. बाजारातले रूळ १६.५ चे. म्हणजे डेक्कन क्वीन हौसेने बनवली तरी तिला विकतच्या रुळांवर जरा आखडून उभं राहावं लागतं.

महायुद्धानंतर शहरं दाटली, घरं फ्लॅटची झाली आणि टेबलही अडचणीचं वाटू लागलं. १९६० च्या दशकात ९ मिलिमीटरचं माप रूढ झालं. त्याचं नाव "एन". इंग्रजीत नाइन, जर्मनमध्ये नॉयन, इटालियनमध्ये नोव्हे, सगळीकडे न! आपलं नऊही त्यात चपखल बसतं. जपानसारख्या देशात, जिथे घरात इंच इंच जागा मोलाची, तिथे हेच माप सर्वांत लोकप्रिय झालं. १९७२ मध्ये मेर्कलिनने साडेसहा मिलिमीटरचं "झेड" आणलं. शेवटचं अक्षर, म्हणजे याहून लहान आता नाही. पण इतिहासात "आता यापुढे नाही" म्हणणाऱ्यांचं जे होतं तेच झालं. नंतर जपानातून ३ मिलिमीटरची गाडीही आली.

एवढं करून जागेचा प्रश्न सुटला का? तर नाही! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ते अंतर ३४ किलोमीटर. अर्ध्या शून्यात ते ३९० मीटर भरतं, नऊच्या मापात २१२ मीटर. आपल्या देशातला पहिला, एवढासा प्रवाससुद्धा कुठल्याही घरात मावत नाही. मग घरात गाडी आणायची ती कशाच्या जोरावर?

याचं उत्तर अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसनने १९४० च्या दशकात दिलं. त्याचं म्हणणं, घरची रेल्वे म्हणजे नाटक समजा. रूळ हा रंगमंच, गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक ही संहिता. रंगमंचावर खरा राजवाडा कुठे असतो? तरी आपण राजा मानतोच की! गाडी नुसती गोल गोल फिरवली तर आठ दिवसांत कंटाळा येतो. पण मालगाडीला गिरणीपाशी दोन डबे सोडायचे आहेत, मागून एक्सप्रेस यायची आहे, आणि त्याआधी मालगाडी बाजूच्या रुळावर गेली पाहिजे, असं ठरवलं की माणूस घामाघूम होतो. घड्याळही वेगळं लावतात. त्यातला तास आपल्या पाच-दहा मिनिटांत संपतो. जागा कमी पडली तर वेळ आखडायचा!

ही कला शिखराला नेली जॉन ॲलनने. कॅलिफोर्नियातल्या माँटेरीला घराच्या तळघरात त्याने अर्ध्या शून्याच्या मापाची डोंगरदऱ्यांची प्रचंड रेल्वे उभी केली. मित्र जमायचे, प्रत्येकाला काम वाटून दिलेलं असायचं आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या धावायच्या. ६ जानेवारी १९७३ ला तो हृदयविकाराने गेला. त्यानंतर दहाच दिवसांनी तळघरात आग लागली आणि जवळजवळ सगळं नष्ट झालं. वीसेक वर्षांची मेहनत!

मग उरलं काय? त्याने काढलेले फोटो उरले. शंटिंगचं एक छोटं कोडं त्याने रचलं होतं, फळीभर रूळ आणि पाच-सहा डबे, ते आजही जगभर खेळतात. आणि गाड्या कशा चालवायच्या हे त्याच्याकडून शिकलेले मित्र उरले. डोंगर जळले, पद्धत जळली नाही.

आपल्या पुण्यात भाऊ जोशी यांनी वेगळा मार्ग काढला. छंद घराबाहेर काढला आणि कोथरूडला १९९८ मध्ये लघुरेल्वेचं संग्रहालयच थाटलं. लोकांनी तिकीट काढून पाहावं, पोरांनी हट्ट करून पुन्हा यावं. हाही टिकवण्याचाच मार्ग.

आता माझं. दोन खोल्यांच्या घरात दिवाणाखाली सरकणारी पाच फूट बाय अडीच फूट फळी, तिच्यावर नऊचे रूळ. पावसाळ्यात दर खेपेला स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसावे लागतात, आणि सत्तरी उलटल्यावर एवढीशी चाकं रुळावर बसवायला चष्म्यावर भिंग धरावं लागतं. "बाबा, तुमच्यानंतर याचं काय करायचं?" हा मुलाचा प्रश्न मला कठोर वाटत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. जॉन ॲलनबद्दल वाचल्यापासून मी त्याची तयारी करतो आहे. फळीला रंग देणं थांबवलं आणि एक दोनशे पानी वही केली. तिच्यात चौदा गाड्यांचं वेळापत्रक आहे, कोणता सांधा अडतो आणि त्याला कुठे टिचकी मारायची हे आहे, मालगाडीने एक्सप्रेसला वाट कधी द्यायची हे आहे.

आठवीतली नात ती वही घेऊन दर रविवारी बसते. मागच्या महिन्यात तिने माझी सकाळची पॅसेंजर रद्द करून तिथे दुधाची गाडी घातली. पॅसेंजर रिकामीच धावते म्हणाली!

तेव्हा तमाम नातेवाइकांना ही जाहीर सूचना समजावी. फळी पुढेमागे कुणाला द्यावी लागली तर खुशाल द्या. वही मात्र रद्दीत घालू नका, तिच्यावर आता नातीचंही अक्षर आहे.