सिनेटर येट्स : सभागृहातील एक कवी

मराठी वाचकाला विल्यम बटलर येट्स प्रथम भेटतो तो बहुधा रवीन्द्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’चा प्रस्तावनाकार म्हणून. पुढे इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात तो कवी म्हणून भेटतो आणि मग त्याची प्रतीके, त्याचे गूढवादाचे वेड, मॉड गॉनवरील त्याचे असफल प्रेम यांची चर्चा होते. त्याची तिसरी ओळख मात्र या दोहोंच्या सावलीत राहून जाते. १९२२ ते १९२८ अशी सहा वर्षे येट्स हा नवस्वतंत्र आयर्लंडच्या सिनेटचा, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचा, सदस्य होता. त्याची तेथील भाषणे डोनाल्ड पीअर्स यांनी १९६० मध्ये पुस्तकरूपाने संपादित केली. ती आम्ही वाचावयास घेतली तेव्हा आमची अपेक्षा माफकच होती. कवीने राजकारणात केलेली हौस, एवढीच. वाचून झाल्यावर मात्र आम्हांस आमचे मत बदलावे लागले.

प्रथम प्रसंग ध्यानात घ्यावयास हवा. डिसेंबर १९२२ मध्ये आयरिश मुक्त राज्य अस्तित्वात आले ते यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत. इंग्लंडशी झालेला करार मान्य असणारे आणि नसणारे एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. साठ सदस्यांच्या सिनेटमधील तीस सदस्य सरकारप्रमुख डब्ल्यू. टी. कॉस्ग्रेव्ह यांनी नियुक्त केले. प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांना नव्या राज्यात आवाज मिळावा, हा या नियुक्त्यांमागील एक हेतू होता. येट्स प्रॉटेस्टंट होता. शिवाय कला, साहित्य व शिक्षण यांविषयी सरकारला त्याचा सल्ला हवा होता. हे पद शोभेचे नव्हते. कराराच्या विरोधकांनी अनेक सिनेटरांची घरे जाळली. येट्सचा मित्र ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी याला बंदूकधाऱ्यांनी पळवून नेले आणि ऐन जानेवारीत लिफी नदीत उडी टाकून त्याने आपला जीव वाचविला. येट्सच्या डब्लिनमधील घरावर सशस्त्र पहारा बसला. १९२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा येट्स अशा पहाऱ्यातून नुकताच बाहेर पडत होता.

सिनेटर येट्सचे नाव निघाले की अभ्यासक उद्धृत करतात ते ११ जून १९२५ चे घटस्फोटावरील भाषण. प्रश्न वरवर पाहता तांत्रिक होता. ब्रिटिश अमलात आयर्लंडमधील न्यायालये पतिपत्नींना केवळ विभक्त राहण्याची मुभा देऊ शकत. पूर्ण घटस्फोट हवा असेल त्याने लंडनच्या पार्लमेंटमधून खासगी विधेयक मंजूर करून घ्यावयाचे. स्वातंत्र्यानंतर अशी विधेयके डब्लिनच्या संसदेपुढे येऊ लागली. बहुसंख्य समाज कॅथलिक आणि चर्चला तर घटस्फोट अमान्य. फेब्रुवारी १९२५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ठरविले की कामकाजाचे नियमच असे बदलावे, की असे विधेयक मांडता येऊ नये.

येट्सने याला कडाडून विरोध केला. त्याच्या युक्तिवादाला दोन बाजू होत्या. पहिली राजकीय होती : दक्षिण आयर्लंड एकाच पंथाच्या कल्पनांनुसार चालविला गेला तर उत्तरेकडील प्रॉटेस्टंट प्रदेश कधीही त्याला येऊन मिळणार नाही, कायद्याची ही पाचर राष्ट्राच्या मध्यभागी ठोकली जाईल. उत्तर व दक्षिण यांमधील सीमा ठरविणाऱ्या आयोगाचे काम त्याच वर्षी चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या इशाऱ्याचे गांभीर्य कळते. दुसरी बाजू अभिमानाची होती. आपण ज्यांच्या वतीने बोलतो ते प्रॉटेस्टंट क्षुद्र लोक नव्हेत. बर्क, स्विफ्ट, ग्रॅटन, एमेट आणि पार्नेल यांचे ते वंशज आहेत, असे त्याने बजावले. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर उभ्या असलेल्या ओ'कॉनेल, पार्नेल व नेल्सन यांच्या स्मारकांकडे बोट दाखवून, ज्यांना तुम्ही पूजता त्यांची खासगी आयुष्ये तरी कोठे निष्कलंक होती, असा टोलाही हाणला. सभागृह दुखावले गेले.

हे भाषण आज वाचताना मन द्विधा होते. त्यातील तत्त्व आम्हांस पूर्णतः पटते : बहुसंख्याकांची श्रद्धा हा सर्वांसाठी कायदा होऊ नये. परंतु हे तत्त्व तो मांडतो ते कुलीनतेच्या उंच ओट्यावरून. अल्पसंख्याकांचा हक्क हा ते थोरांचे वंशज आहेत म्हणून असतो काय? ज्याच्या घराण्यात कोणी बर्क वा स्विफ्ट झाला नाही, अशा एखाद्या दुःखी संसारातील सामान्य स्त्रीला तो हक्क नाही काय? येट्स तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढे इटलीतील फॅसिस्ट राजवटीविषयी त्याला जे आकर्षण वाटले, १९३३-३४ मध्ये आयरिश ‘ब्लूशर्ट’ संघटनेसाठी त्याने जी संचलनगीते लिहिली, त्यांचे एक मूळ या उंच ओट्यात आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणूनच या भाषणाशेजारी दुसरे एक, फारसे न गाजलेले, प्रकरण ठेवून पाहावे. सरकारने शाळांच्या पाहणीचे काम येट्सकडे सोपविले होते. फेब्रुवारी १९२६ मध्ये तो वॉटरफर्ड या गावी सेंट ऑटेरन्स शाळेत गेला. जोगिणींनी चालविलेल्या या शाळेत माँटेसरी पद्धतीने शिक्षण दिले जात असे. ‘अमंग स्कूल चिल्ड्रन’ ही कविता याच भेटीतून निर्माण झाली. आपल्या वर्गांत या कवितेतील प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि पायथागोरस यांचा पुष्कळ खल होतो. अखेरचे वृक्ष व नर्तन तर परीक्षेत हमखास येते. पण वर्गातून फिरणारा तो साठीचा माणूस तेथे कोणत्या कामासाठी आला होता, हे सांगावयाचे राहून जाते. तो प्रेरणेच्या शोधात आलेला नव्हता. सभागृहाच्या कामासाठी आला होता.

आणि ते काम त्याने केले. त्याच वर्षी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करणारा कायदा संसदेपुढे होता. येट्सने सिनेटमध्ये शाळांच्या इमारतींचा, स्वच्छतेचा, हिवाळ्यातील उबेचा प्रश्न उपस्थित केला. मुलांना शाळेत येण्याची सक्ती करणाऱ्या राज्याने आधी त्या शाळा मुलांनी बसण्याजोग्या करावयास हव्यात, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा. त्या वेळच्या शिक्षणात आयरिश भाषा, आयरिश इतिहास, राष्ट्रीय वृत्ती यांचा गजर चालू होता. त्यात त्याने सभागृहाला आठवण दिली, की काहीही शिकवा, परंतु मूल हे साध्य असावे, आपल्या कोणत्याही विशेष हेतूचे साधन नसावे. मुलाला राष्ट्राच्या कल्पनेखाली दडपू नये.

आमच्या मते घटस्फोटावरील भाषण आणि हे भाषण यांत एकच प्रश्न आहे : राष्ट्र माणसासाठी, की माणूस राष्ट्रासाठी? पहिल्या वेळी हा प्रश्न विचारणारा येट्स पूर्वजांची नावे घेऊन बोलतो. दुसऱ्या वेळी तो पाहून आलेल्या वर्गखोल्यांविषयी बोलतो. वक्तृत्वाच्या दृष्टीने पहिले भाषण श्रेष्ठ, यात शंका नाही. परंतु माणसांविषयीची जी आस्था पहिल्यात हरवते ती दुसऱ्यात आहे. स्थानिक, किरकोळ वाटणाऱ्या कामाने कवीचा राष्ट्रीय विचार अधिक मानवी केला, हे सभावृत्तांतातून दिसणारे सत्य आहे आणि ते कवितेच्या कोणत्याही टीपेत सापडत नाही.

अशी किरकोळ कामे आणखीही होती. लेडी ग्रेगरीचा भाचा ह्यू लेन १९१५ मध्ये लुसिटानिया बोटीवर मृत्यू पावला. आपली ३९ चित्रे डब्लिनला द्यावीत, असे त्याने लिहून ठेवले होते. पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या, म्हणून लंडनने ती ठेवून घेतली. येट्सने या चित्रांसाठी सिनेटमध्ये आवाज उठविला. प्राचीन गेलिक हस्तलिखितांच्या प्रकाशनासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्याने सांभाळले. स्वतःला ती भाषा वाचता येत नसताना! नव्या नाण्यांच्या समितीचाही तो अध्यक्ष होता. १९२८ मध्ये निघालेल्या त्या नाण्यांवर राजकारणी वा संत न येता पर्सी मेटकाफ या शिल्पकाराने घडविलेले घोडा, बैल, साल्मन मासा, ससा, पिलांसह कोंबडी आणि डुकरीण आले. शेतकऱ्याच्या गोठ्यातील प्राणी राष्ट्राच्या चलनावर आले! त्यांपैकी काही आकृती २००२ मध्ये युरोची नाणी व नोटा प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत आयरिश माणसाच्या खिशात होत्या.

आणि घटस्फोट? १९३७ च्या राज्यघटनेने त्यावर सरळ बंदीच घातली. १९८६ च्या सार्वमतात ती उठविण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. २४ नोव्हेंबर १९९५ रोजी, येट्सच्या भाषणानंतर सत्तर वर्षांनी, ती उठविण्याच्या बाजूने कौल मिळाला तो अवघ्या ९,११४ मतांनी. ज्यांनी तो कौल दिला त्यांना बर्क किंवा स्विफ्ट यांच्याशी नाते सांगण्याची गरज पडली नाही. आपल्याच घरांतील, शेजारपाजारच्या मोडलेल्या संसारांचे अनुभव त्यांना पुरेसे होते.

१९२८ च्या सप्टेंबरात येट्सची मुदत संपली. प्रकृती ढासळली होती; त्याने पुन्हा सदस्यत्व घेतले नाही. १९३६ मध्ये ते सिनेटही बरखास्त झाले. मागे राहिले ते सभावृत्तांत. कवीच्या पत्रव्यवहाराला आपण जो मान देतो तो या वृत्तांतांनाही द्यावा, असे आमचे मत आहे. निदान ‘अमंग स्कूल चिल्ड्रन’ शिकविताना अध्यापकांनी प्लेटोकडे वळण्यापूर्वी क्षणभर त्या वर्गखोलीत थांबावे. तेथील मुले ही प्रतीके नव्हती. ती कशी शिकतात हे पाहावयास राज्याने एक माणूस पाठविला होता, आणि परत आल्यावर तो त्यांच्यासाठी बोलला होता.