लास्ट ग्रॅज्युएट, द

नेओमी नोविक या अमेरिकी लेखिकेची इंग्रजी कादंबरी. जादूच्या जीवघेण्या शाळेवर लिहिलेल्या ‘स्कोलोमान्स’ या कादंबरीत्रयीचा हा मधला भाग. ‘अ डेडली एज्युकेशन’ हा पहिला भाग सप्टेंबर २०२० मध्ये, प्रस्तुत कादंबरी सप्टेंबर २०२१ मध्ये आणि ‘द गोल्डन एन्क्लेव्हज’ हा शेवटचा भाग सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नोविक यांचा जन्म १९७३ चा. नेपोलियनच्या युद्धात ड्रॅगन उतरवणाऱ्या ‘टेमेरेअर’ मालिकेने त्यांचे नाव झाले आणि ‘अपरूटेड’ (२०१५) या कादंबरीला नेब्युला पारितोषिक मिळाले. ‘द लास्ट ग्रॅज्युएट’ला २०२२ चे लोडस्टार पारितोषिक मिळाले. ह्यूगो पारितोषिकांबरोबर दिला जाणारा हा सन्मान किशोर-युवा वाचकांसाठीच्या उत्तम पुस्तकाला मिळतो. वाचकांनी या कादंबरीची दखल मुख्यतः तिच्यातल्या भयासाठी आणि धक्कादायक शेवटासाठी घेतली. तिचे खरे मोल मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. उत्तरभागात संकट वाढवत न्यायचे, हा या प्रकारच्या मालिकांचा रिवाज. इथे लेखिका संकट जवळजवळ काढून घेते आणि ते गेल्यावरही मुले एकमेकांपासून तुटलेलीच का राहतात, हा प्रश्न उभा करते. राक्षसांपेक्षा सुरक्षेची विषम वाटणी अधिक मुले मारते, हे या कादंबरीचे म्हणणे आहे आणि ते कथानकाच्या रचनेतूनच सिद्ध होते.

स्कोलोमान्स ही मूळची रुमानियन लोककथांमधली शाळा. डोंगराच्या पोटात सैतान स्वतः दहा विद्यार्थ्यांना जादू, पशूंची भाषा आणि हवामानावरची हुकमत शिकवतो आणि शिक्षण संपले की नऊ जणांना सोडून दहाव्याला गुरुदक्षिणा म्हणून ठेवून घेतो, अशी ती कथा. एमिली जेरार्ड यांनी १८८५ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील लोकसमजुतींवर लिहिलेल्या लेखातून ती इंग्रजीत आली आणि तिथून ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) गेली. नोविक यांनी सैतान काढून टाकला, पण वसुलीचा हिशेब ठेवला, किंबहुना फार कडक केला. त्यांच्या शाळेत शिक्षक नाहीत, प्रौढ माणूस नाही, सुट्टी नाही, घरी पत्र धाडण्याची सोय नाही. जगाबाहेरच्या पोकळीत तरंगणाऱ्या या यंत्रवत इमारतीत चौदा वर्षांची मुले ओढून घेतली जातात आणि चार वर्षांनी तळाच्या दालनातून बाहेर पडतात. जी जगली ती. ‘मॅलेफिकारिया’ म्हणजे जादूवर पोसणारे हिंस्र जीव नळांतून, छतातून, ताटातल्या अन्नातूनही येतात. कोवळ्या वयातली जादू त्यांना सर्वांत रुचकर वाटते. म्हणून बाहेर मोकळे राहणे शाळेपेक्षाही घातक, आणि चारातले तीन मरण पावले तरी आईबाप मुलांना इथे पाठवतात. मराठी वाचकाला जादूची शाळा प्रथम भेटली ती बहुधा मंजुल प्रकाशनाने मराठीत आणलेल्या हॅरी पॉटरच्या पुस्तकांतून. तिथे संकट बाहेरून शाळेत शिरते आणि मुख्याध्यापक पाठीशी असतात. इथे पाठीशी कोणीच नाही.

नायिका गॅलाड्रिएल हिगिन्स, म्हणजे एल. तिची आई वेल्समध्ये राहणारी, औषधोपचाराची जादू करणारी. वडील अर्जुन मुंबईकडच्या घराण्यातले. ते पदवीच्या दिवशी, गरोदर सोबतिणीला बाहेर काढताना त्या तळाच्या दालनातच प्राणाला मुकले. एलचा अंगभूत कल सामूहिक संहाराकडे आहे. साधा केर काढण्याचा मंत्र मागितला तरी शाळा तिच्या हाती नगर जाळण्याचा मंत्र ठेवते. ती शक्ती वापरायची तर इतर जीवांचे प्राण ओढून घेणे सोपे. एल ते करत नाही. घाम गाळून, सुया चालवून, व्यायाम करून थेंबथेंब शक्ती साठवते. या नकारातून तिचे सारे व्यक्तित्व घडले आहे. तिच्याबरोबर न्यू यॉर्कच्या बलाढ्य जादूगार-वस्तीतला ओरायन लेक आहे. राक्षस मारणे हेच त्याचे सुख, आणि वर्षानुवर्षे तो सरसकट सर्वांना वाचवत आल्याने शाळेतल्या राक्षसांच्या भुकेचे गणित बिघडलेले आहे.

दुसरा भाग सुरू होतो तेव्हा एल शेवटच्या वर्षात आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस तळाच्या दालनातली ज्वाळांनी सफाई करणारी यंत्रणा दुरुस्त झाली होती आणि ती चालली. राक्षस विरळ झाले. तरीही एलवर हल्ले होत राहतात, आणि नेमके तेव्हाच, जेव्हा ती ग्रंथालयातल्या एका आडबाजूच्या खोलीत पहिल्या वर्षाच्या मोजक्या मुलांसोबत असते. एरवी या शाळेत कोणी कोणाच्या मदतीला फुकट जात नाही. एलला मात्र रोज ठरवावे लागते, या अनोळखी पोरांवर साठवलेली शक्ती खर्च करायची की स्वतःच्या पदवीसाठी राखायची. ती खर्च करते, आधी चिडून आणि मग सवयीने. पुढे व्यायामशाळेतल्या सरावात अडथळे इतके भयंकर होतात की तिच्यावाचून कोणी पार होऊ शकत नाही. चारजणांच्या युतीला वाचवण्याची तिची योजना आपोआप फुगत जाते, आधी ओळखीचे, मग वर्ग, मग सगळे. अखेरीस उलगडते की शाळाच तिला ढकलत होती. सर्व जादूगार मुलांना आसरा द्यायचा, हे संस्थापकांचे ब्रीद शाळेने शब्दशः घेतले होते. कथानकाची ही चाल मला फार मोलाची वाटते. निःस्वार्थपणा हा नायिकेचा जन्मजात गुण म्हणून येत नाही. परिस्थितीने एकेक माणूस तिच्या हिशेबात घुसवला आणि प्रत्येक वेळी तिला ‘याला का वगळायचे’ याचे उत्तर देता आले नाही, म्हणून तो येतो.

वगळण्याची व्यवस्था किती पक्की आहे, हे कादंबरी तपशिलांनी दाखवते. न्यू यॉर्क, लंडन, शांघाय अशा संरक्षित वस्त्यांची मुले सामाईक शक्तिसाठ्याला जोडलेली मनगटी साधने घालून येतात. जेवणघरात त्यांच्या टेबलाशी जागा मिळावी, वर्गात त्यांच्या मागचा बाक मिळावा, पदवीच्या दिवशी त्यांच्या युतीत शिरता यावे म्हणून इतर मुले त्यांची कामे करतात, आणि वाचलीच तर त्यांच्या वस्तीत नोकरी मिळावी या आशेवर पुढेही राबतात. शाळा मुळात मँचेस्टरच्या जादूगारांनी आपल्या मुलांसाठी बांधली. नंतर बाहेरच्या मुलांना प्रवेश मिळाला. एलचा या औदार्यावर विश्वास नाही. गरिबांची मुले आत आली ती श्रीमंतांच्या मुलांपुढची ढाल म्हणून, असे ती बजावते, आणि मृत्यूंची वाटणी तिच्या बाजूने साक्ष देते. नवीन जालन्यातून अकरावी-बारावीच्या क्लाससाठी लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. परीक्षा सर्वांना एकच असते, पण तिच्या तयारीला लागणारे पैसे, वेळ आणि ओळखी सर्वांकडे सारख्या नसतात. नोविक यांनी हा फरक मोजता येईल अशा शक्तीत रूपांतरित केला, त्यामुळे तो डोळ्यांआड करणे पात्रांना शक्य राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही एकजुटीची कथा नसून एका असामान्य मुलीची कथा आहे, डोंगर फोडणारी नायिका हाती असताना बाकीच्यांनी एकत्र येण्याला काय अर्थ? आक्षेप वजनदार आहे, कारण एलइतकी शक्ती कोणाकडेच नाही. पण कादंबरीतली अंतिम योजना नीट पाहिली तर तो टिकत नाही. योजना अशी: जगभरातल्या राक्षसांना गाण्याच्या मोहिनीने शाळेत बोलवायचे, त्याच वेळी मुलांना दुसऱ्या बाजूने ओळीने बाहेर सोडायचे आणि शेवटी राक्षसांनी भरलेली शाळा जगापासून तोडून पोकळीत ढकलून द्यायची. हा घाव घालणारी एल एकटी, पण त्यासाठी लागणारी शक्ती तिच्याकडे नाही. ती सर्वांनी द्यायची आहे, वस्तीवाल्यांनीही, आणि ज्यांचा क्रम शेवटी आहे त्यांनीही. वर्गातल्या ल्यूचे वाद्य, आध्याची कारागिरी, लीझेलचे करडे नियोजन, आपला नंबर येईपर्यंत रांग न मोडणारी शेकडो भेदरलेली मुले, यांतले एक जरी निखळले तरी एलची शक्ती निरुपयोगी. शांघायची मुले प्रारंभी या बेतात न्यू यॉर्कचा डाव पाहतात. तो संशय भोळेपणाने विरघळत नाही, पुरावा दिसल्यावर कमी होतो. लेखिकेने त्याला पुरेशी पाने दिली आहेत, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण.

दुसरा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. शाळा स्वतःच मुलांचे भले इच्छित होती, असे दाखवल्याने व्यवस्थेचा दोष पुसला जात नाही काय? शतकभर मुलांचे बळी घेणाऱ्या यंत्राला सदिच्छा चिकटवणे म्हणजे बांधणाऱ्यांना सोडून देणे. केवळ या भागापुरते पाहिले तर या टीकेत तथ्य आहे. ब्रीद खरे मानणारी इमारत आणि ते खोटे मानणारी माणसे, हा विरोध नोविक यांनी उभा केला, पण माणसांचा जाब इथे विचारला नाही. तो तिसऱ्या भागात विचारला आहे. संरक्षित वस्तीचा पाया घालण्यासाठी एका जिवंत माणसाला चिरडून त्यातून माणसे गिळणारा सर्वांत भीषण राक्षस, मॉ-माउथ, निर्माण करावा लागतो, हे तिथे उघड होते. म्हणजे काहींच्या सुरक्षिततेतूनच इतरांचे संकट जन्मते. या उलगड्यानंतर दुसऱ्या भागातले भाकड वाटणारे तपशील, वस्त्यांची वाढती संख्या आणि वाढते राक्षस, एकदम जुळतात. शाळा रिकामी करणे हे अर्धेच उत्तर होते, आणि मधल्या भागाचा शेवट अर्धवट ठेवणे त्यामुळे योग्य ठरते. पेशन्स नावाचा जुना मॉ-माउथ दारापाशी येतो, ओरायन एलला बाहेर ढकलतो आणि स्वतः आत राहतो. सर्वांना वाचवण्याच्या बेतातून एक जण सुटला. लोककथेतली दहाव्या विद्यार्थ्याची वसुली अजून बंद झालेली नाही.

मराठी परंपरेत जीवघेण्या विद्यालयाची जी मोठी कथा आहे तिच्याशी ही कादंबरी ताडून पाहण्याजोगी आहे. महाभारतातला कच संजीवनी विद्येसाठी शत्रूंच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे जातो. सहाध्यायी दानव त्याला तीनदा मारतात आणि तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यातून गुरूलाच पाजतात. गुरूच्या पोटात विद्या शिकून तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला तिनेच उठवतो. कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर आहे आणि तोच त्यांचा आश्रम मानला जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी या कथेवर ‘विद्याहरण’ (१९१३) हे संगीत नाटक लिहिले, आणि वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) शाळेनंतरचा कच तपस्वी म्हणून परत येतो. मूळ कथेत शुक्राचार्यांची मुलगी देवयानी कचाला शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तो उत्तरतो, मी ज्याला शिकवीन त्याला ती फळेल. एलच्या बाबतीत हेच वेगळ्या वाटेने घडते. तिची संहारशक्ती तिच्यापुरती वापरली तर शापच आहे, इतरांसाठी वापरली तेव्हाच कामी येते. फरक असा की कच एका पक्षासाठी विद्या आणतो, देवांसाठी. एल पक्षच नाकारते, आणि म्हणून तिचे काम अधिक अवघड.

मराठी वाचकाची एक तक्रार मात्र नोंदवलीच पाहिजे. एलला वडिलांकडची मराठी येते, असे कादंबरी सांगते. या जगात भाषा म्हणजे संपत्ती आहे. जी भाषा येते तिच्यातले मंत्र मिळतात, आणि मंत्रांचा व्यापार चालतो. असे असताना मराठीच्या वाट्याला मंत्र नाही, शिवी नाही, अंगाईही नाही. भारताचे सारे वैभव पुरोचनाच्या सुवर्णशिला सूत्रांत, म्हणजे संस्कृत पोथीत, एकवटले आहे. पहिल्या भागातल्या वंशविषयक वर्णनांवर २०२० मध्ये टीका झाली. केसांच्या जटांबद्दलचा एक परिच्छेद लेखिकेने क्षमा मागून पुढील आवृत्त्यांतून काढला. मराठीबाबतची उणीव तशी दुखावणारी नाही, ती संधी गमावल्याची आहे. धुंडिसुत मालूंच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (१८१९) या चाळीस अध्यायांच्या ग्रंथात मच्छिंद्रनाथ लोकभाषेतली शाबरी विद्या सिद्ध करतात. देवभाषेचा मक्ता मोडून मंत्राचे सामर्थ्य सामान्यांच्या बोलीत आणणारी ही परंपरा नोविक यांच्या मुख्य मुद्द्याला, सामर्थ्य सर्वांत वाटण्याच्या मुद्द्याला, अगदी जवळची आहे. ती त्यांना ठाऊक असती तर एलच्या तोंडची मराठी नुसती नोंद राहिली नसती. वडिलांच्या ज्या घराण्याने एका भविष्यवाणीच्या भीतीने लहानपणी एलला दूर केले, त्यातली वृद्ध भविष्यवेत्ती तिसऱ्या भागात तिला भेटते आणि त्या भविष्यवाणीमागचा हेतू सांगते. एवढाच काय तो महाराष्ट्राशी या मालिकेचा खोलवर पोचलेला धागा.