गिरणीपासून विद्यापीठापर्यंत : बाळंतपणाच्या रजेची कहाणी



बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू द्यायचा नाही, पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही आपल्याकडील रीत कोणत्याही कायद्याआधीची आहे. तेव्हा रजेची कल्पना आपल्याला परकी नव्हे. मात्र ज्या घरात हाताखाली दुसरी बाई आणि कणगीत धान्य असे, त्या घरापुरतीच ही रीत खरी होती. जिची चूल रोजच्या मजुरीवर पेटे, तिला सव्वा महिना कोठून परवडणार? कायद्याची कहाणी सुरू होते ती हिच्यापासून. म्हणून आपल्या विद्यापीठाविषयी बोलण्याआधी मी आपणांस मुंबईच्या गिरणीत नेणार आहे.

गिरणीत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत असत. जेवढे सूत गुंडाळले तेवढे पैसे; हात थांबला की मजुरी थांबली. १९२० नंतरच्या दोनचार वर्षांत मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने या बायकांची चौकशी केली. तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन, निजवून आया कामावर जातात, हे तीत उघड झाले. त्या आयांना नावे ठेवणारे तेव्हा पुष्कळ निघाले. मुलाजवळ बसण्याची मजुरी कोण देणार, हे विचारणारे थोडे.

वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९१९ मध्येच याचे उत्तर दिले होते : बाळंतपणानंतर सहा आठवडे काम नको, आणि त्या काळातला खर्च सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून व्हावा. हिंदुस्थान सरकारने ते मानले नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, तेही टिकले नाही. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांचे विधेयक आले आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. मातेला बाळंतपणाच्या आधी व नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. लोकांचे कल्याण जपणे हे मुख्यतः सरकारचे काम, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. परंतु ज्या मालकाला त्या बाईच्या कामाचा नफा मिळतो त्याच्यावरही काही भार टाकणे गैर नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

१९२९ मध्ये कायदा झाला. दर ठरला रोजी ८ आणे, आणि भार पडला एकट्या मालकावर. भाषणातला निम्मा भाग कायद्यात आला, निम्मा राहिला. पुढील दशकांत गिरण्यांतील बायकांचे प्रमाण घटत गेले. त्याची कारणे अनेक आहेत. पण बाई ठेवली की खर्च वाढतो, हा हिशेब मालकांच्या हाती याच काळात आला, हे विसरता येत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला त्यांचेच नाव लागले. सबंध देशासाठी प्रसूती लाभाचा कायदा १९६१ मध्ये आला. त्याने १२ आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने २६. कायम प्राध्यापिकेला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पूर्ण पगारी १८० दिवस मिळतात, उभ्या नोकरीत दोनदा. संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनींनाही २०१६ च्या नियमांनी एकदा २४० दिवसांची सवड दिली. हे सारे चांगलेच झाले.

पण महाविद्यालयाच्या त्याच फळ्यापुढे दुसरी एक बाई उभी असते. ती तासिका तत्त्वावर शिकवते. पदवी तीच, विषय तोच; जेवढे तास घेतले तेवढे पैसे, आणि नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती. मला तर ही वाइंडिंग खात्यातील बाईच वाटते. सुताच्या जागी तास आले, एवढेच.

न्यायालये तिच्या बाजूने झुकली आहेत. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील बायकांनाही हा लाभ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी ठरविले. पुढे मुदतीच्या करारावर असलेल्या एका डॉक्टरबाईंनी १ जून २०१७ पासून रजा मागितली. करार ११ जूनला संपत होता, तेव्हा रजा अकराच दिवसांची, असा हिशेब त्यांना दाखवण्यात आला! करार संपला तरी लाभ पुढे चालू राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. पण तेवढ्यासाठी त्यांना सहा वर्षे लढावे लागले.

आणि हिशेबाची खोच अजून शिल्लक आहे. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे, आणि लाभाचा दर मागील तीन महिन्यांच्या मजुरीवरून काढावा, अशी १९६१ च्या कायद्याची रीत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ८० दिवसांची अट ठेवली. गिरणीला उन्हाळ्याची सुटी नसते, महाविद्यालयाला असते. तासिकेवरील बाई जुलैत बाळंत झाली, तर तिच्या मागचे तीन महिने कोणते? एप्रिल परीक्षांचा, मे सुटीचा, आणि जूनमध्ये नव्या नेमणुकीचा कागद अजून हाती आलेला नाही. कायम प्राध्यापिकेचा रजेतला पगार अनुदानित महाविद्यालयात सरकारी तिजोरीतून येतो. हिचा कोणाच्या खात्यातून यावा, हा १९२८ सालीच विचारलेला प्रश्न आहे, आणि विद्यापीठाच्या कमानीवर ज्यांचे नाव आहे त्यांनी त्याचे उत्तरही तेव्हाच देऊन ठेवले आहे.