दंडाकडून शास्तीकडे: अ‍ॅगमार्क कायद्याचा प्रवास

भिलाईतल्या किराणा दुकानात मध, तूप किंवा हळदीच्या पाकिटावर 'अ‍ॅगमार्क'चे चिन्ह तुम्ही पाहिले असेल. ते बनावट निघाले तर शिक्षा कोण ठरवणार?

सुरुवात कापसापासून करू. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ च्या कायद्याने अशा बाजारांना नियमांची चौकट दिली. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात मिळावा, हा त्यामागचा मोठा हेतू होता. पण बाजाराची जागा ठरली म्हणून मालाची प्रत ठरत नाही. त्यासाठी १९३७ मध्ये शेतमाल प्रतवारी व चिन्हांकनाचा कायदा आला. अ‍ॅगमार्कची केंद्रीय प्रयोगशाळा आज नागपुरात आहे.

या कायद्यात बनावट चिन्हासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड होता. शिक्षा कडक दिसते. पण ती देण्यासाठी फौजदारी खटला उभा राहावा लागे आणि गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ही कैद काढली आणि आठ लाख रुपयांची शास्ती आणली.

येथे दोन शब्द वेगळे ठेवा. 'दंड' न्यायालय गुन्हा सिद्ध झाल्यावर करते. 'शास्ती' सरकारने नेमलेला अधिकारी चौकशी करून लावतो. काम लवकर होते, कपाळावर गुन्हेगाराचा शिक्का बसत नाही. मात्र नियम राबवणारे आणि निवाडा करणारे, दोघेही सरकारचेच असतात.

म्हणून कायद्यात अपिलाची सोय आहे. त्यापुढे उच्च न्यायालय आहेच: आपल्यासाठी बिलासपूर, विदर्भासाठी नागपूर खंडपीठ. हा पुनर्विलोकनाचा अधिकार संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सांगितले. उच्च न्यायालय सहसा नमुना पुन्हा तपासत नाही. नोटीस दिली का, बाजू ऐकली का, आदेशात कारणे आहेत का, अधिकाराची मर्यादा पाळली का, एवढे ते पाहते.

आता तुम्ही विचार करा. आठ लाखांत मसाल्याची छोटी गिरणी बंद पडेल. मोठ्या कंपनीला ती रक्कम किरकोळ वाटेल. मग कैद काढल्याने जरब वाढली की फक्त लहानांसाठी वाढली? उत्तर कारणांसह लिहा.