लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि अपलोड थांबलं? ही एक सेटिंग बदला

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे पीक विम्याची धावपळ. खरिपाच्या अर्जांची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैच्या आसपास असते. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात सेवा केंद्रांसमोर सातबारा आणि पासबुक घेऊन रांग लागते. दिवसा साईट जड चालते, म्हणून फाईली रात्री चढवायच्या. अपलोडला लावून केंद्रचालक लॅपटॉपचं झाकण मिटतो आणि जेवायला जातो. सकाळी झाकण उघडतो तर अपलोड रात्री जिथं होतं तिथंच. वर साईटनं लॉगआऊट केलेलं.

लाईट गेली नव्हती, नेट गेलं नव्हतं. झाकण मिटल्यामुळे लॅपटॉप झोपला होता.

लॅपटॉपच्या झाकणात एक छोटं लोहचुंबक असतं आणि खाली कीबोर्डच्या बाजूला ते ओळखणारा सेन्सर. दोन्ही जवळ आले की लॅपटॉपला कळतं, झाकण मिटलं. (चुंबकाचं कव्हर असलेला मोबाईल किंवा दुसरा लॅपटॉप वर ठेवला की कधी कधी चालू लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी होते, ती याच कारणामुळे. दुरुस्तीला न्यायच्या आधी तो बाजूला करून बघा.) पुढं काय करायचं हे विंडोज ठरवतं आणि बहुतेक लॅपटॉपवर ते आधीच 'स्लीप' असं ठरलेलं असतं. स्लीपमध्ये उघडलेलं काम रॅममध्ये राहतं, पण डाऊनलोड, अपलोड, व्हिडिओ एक्स्पोर्ट, शेअर केलेला प्रिंटर हे सगळं थांबतं.

हे बदलायला दोन मिनिटं लागतात. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'लिड' एवढाच शब्द टाईप करा. 'चेंज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' असं वर येईल, ते उघडा. नाही आलं तर कंट्रोल पॅनल, हार्डवेअर अँड साउंड, पॉवर ऑप्शन्स असं जा आणि डाव्या बाजूला 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' वर क्लिक करा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हीच सोय सेटिंग्जमधल्या 'पॉवर अँड बॅटरी' खालीही मिळते.

इथं दोन रकाने दिसतील, 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. बरेच जण दोन्हीकडे एकच पर्याय निवडून मोकळे होतात, आणि चूक तिथंच होते. टेबलावर चार्जरला लावलेला लॅपटॉप आणि बॅगेतून निघालेला लॅपटॉप यांच्या गरजा वेगळ्या आहेत. 'प्लग्ड इन'खाली 'डू नथिंग' ठेवा, म्हणजे झाकण मिटलं की फक्त स्क्रीन बंद होईल, काम चालू राहील. 'ऑन बॅटरी'खाली मात्र 'स्लीप' किंवा 'हायबरनेट'च ठेवा. शेवटी 'सेव्ह चेंजेस' दाबायला विसरू नका. ते न दाबताच खिडकी बंद करणारे आणि 'सेटिंग काम करत नाही' म्हणणारे पुष्कळ आहेत.

एवढं करूनही रात्री लॅपटॉप झोपला तर? कारण झोपेचं घड्याळ वेगळं आहे. 'पॉवर अँड बॅटरी'मध्येच 'स्क्रीन अँड स्लीप' असं असतं. किती वेळ कुणी हात लावला नाही की झोपायचं, ते तिथं लिहिलेलं असतं. झाकणाची सेटिंग या घड्याळाला थांबवत नाही. रात्रभर काम चालवायचं असेल तर प्लग्ड इन असतानाचा स्लीप 'नेव्हर' करा. आणि लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, मग बॅटरीचं घड्याळ लागू होतं. तिथं पाच मिनिटं लिहिलेली असतील तर पाच मिनिटांत झोप. आपल्याकडं रात्री लाईट जाणं काही नवीन नाही, म्हणून मोठ्या अपलोडच्या रात्री तो आकडाही वाढवून ठेवा. राउटर लाईटबरोबर बंद होणार असेल तर मात्र या सगळ्याचा उपयोग नाही. तेव्हा मोबाईलचा हॉटस्पॉटच कामाचा.

आता बॅगेची गोष्ट. मी स्वतः एकदा दोन्ही रकान्यांत 'डू नथिंग' ठेवून शिरूरहून लातूरच्या एसटीत बसले होते. एप्रिलचं ऊन, मांडीवर बॅग. उतरताना बॅग इतकी तापली होती की आत हात घालवेना, आणि बॅटरी संपलेली. चालू लॅपटॉपला हवा लागते. बॅगेत पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. ॲपल आपला मॅकबुक वापरायला भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश असावं असं सांगते. आपल्याकडं उन्हाळ्यात सावलीतच चाळीस होतं, बंद बॅगेचं तर बोलायलाच नको. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर चालू अवस्थेत बसणारे खड्ड्यांचे धक्के आणखी वाईट, डेटाच जाऊ शकतो.

प्रवासाला 'हायबरनेट' सगळ्यात बरं. उघडलेलं सगळं काम डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो, बॅटरी खात नाही, आणि चालू केला की काम होतं तिथून पुढं. उठायला स्लीपपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. स्लीपवर विसंबायचं नाही, कारण बरेच नवे लॅपटॉप झोपेतही अधूनमधून नेटला जोडले जातात आणि बॅगेत गरम झालेले सापडतात. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर निघण्याआधी सरळ शटडाऊन करा.

'डू नथिंग'ची आणखी एक बाजू केंद्रचालकांनी लक्षात ठेवावी. झाकण मिटलं तरी लॅपटॉप आपोआप लॉक होत नाही. कुणीही झाकण उघडलं की समोर लोकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, सगळं उघडं. म्हणून मिटण्याआधी विंडोजचं बटन आणि 'एल' एकत्र दाबा. स्क्रीन लॉक होते, अपलोड मात्र थांबत नाही.

मॅकवाल्यांना हे रकाने मिळत नाहीत. झाकण मिटलं की मॅक झोपतो. बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि चार्जर जोडलेला असेल तरच मिटलेल्या झाकणानं काम चालतं. विंडोजवर मॉनिटर लावून असंच काम करता येतं, 'डू नथिंग' पुरतं. लहान टेबलावर लॅपटॉप मिटून बाजूला उभा ठेवला की कागदपत्रांना जागा होते. फक्त हवा सोडायच्या जाळ्या भिंतीला टेकवू नका.